बोलपटवाल्या एस्थरबाई

श्रोतेहो, सिनेमा पाहून आपण घरी येतो तेव्हा नटनट्यांची नावे तोंडात असतात. पण लग्नकार्याला जसा एक यजमान असतो, तसा चित्रपटालाही असतो. पैसा उभा करायचा, माणसे जमवायची, जागा ठरवायची, सगळी काळजी वाहायची, हे त्याचे काम. त्याला निर्माता म्हणतात. चिनी बोलपटांच्या आरंभीच्या काळात हा भार उचलणाऱ्या एका बाईंची हकीकत आज सांगायची आहे. त्यांचे नाव एस्थर एंग.

त्यांचा जन्म १९१४ साली अमेरिकेत सान फ्रान्सिस्को शहरी झाला. घराणे मूळचे दक्षिण चीनमधले. अमेरिकेने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले होते, आणि तो कायदा १९४३ पर्यंत टिकला. अशा परक्या मुलखात तिथल्या चिनी वस्तीचा विरंगुळा म्हणजे कँटनी भाषेतील संगीत नाटक. एस्थरबाईंना त्याचे भारी वेड. नाटकगृहाच्या तिकीट-खिडकीवर त्यांनी काम केले. आता बघा, तिकीट-खिडकी ही काही लहान शाळा नव्हे! लोक कशाला गर्दी करतात आणि कशाकडे पाठ फिरवतात, हे तिथे बसणाऱ्याला आपोआप कळते.

वडील व्यापारी. त्यांनी व त्यांच्या भागीदारांनी भांडवल घातले आणि एस्थरबाई सहनिर्मात्या झाल्या. वय अवघे एकवीस. चित्रण थेट हॉलीवूडमध्ये केले. कॅमेऱ्यामागे पॉल इव्हानोंसारखा मुरलेला माणूस आणि नायिका कँटनी रंगभूमीवरच्या वाय किम-फाँग. ‘हार्टएक्स’ या इंग्रजी नावाचा हा कँटनी बोलपट १९३६ साली पडद्यावर आला.

तो बोलपट घेऊन बाई हाँगकाँगला गेल्या आणि तिथे स्वतःच दिग्दर्शन करू लागल्या. १९३७ मध्ये त्यांनी देशासाठी लढणाऱ्या एका स्त्रीची कथा पडद्यावर आणली. त्याच वर्षी जुलैत जपानने चीनवर सर्व बाजूंनी युद्ध लादले. १९३९ पर्यंत त्यांचे हाँगकाँगमध्ये पाच चित्रपट झाले. त्यांपैकी एकात छत्तीस स्त्रिया आणि पुरुष एकही नाही! केस आखूड, पोशाख पुरुषी. सोबतची मंडळी त्यांना ‘हा-को’ म्हणत. ‘हा’ हे त्यांच्या चिनी नावातले अक्षर आणि ‘को’ म्हणजे थोरला भाऊ. आपल्याकडे कर्तबगार माणसाला ‘दादा’ म्हणतात ना, तसेच.

पुढे त्या अमेरिकेला परतल्या. १९४१ च्या ‘गोल्डन गेट गर्ल’ या चित्रपटात त्यांनी एका नाटकवाल्याचे तान्हे मूल कॅमेऱ्यासमोर आणले, तेही मुलगी म्हणून. पुढे जगभर गाजलेला ब्रूस ली तो हाच! महायुद्धानंतरही त्यांनी काही चित्रपट काढले. १९५० पासून मात्र न्यूयॉर्कमध्ये त्यांनी उपाहारगृहाचा धंदा मांडला आणि तो चांगला चालवला. १९७० साली त्या वारल्या. तेव्हा तिथल्या वृत्तपत्राने त्यांची ओळख दिली ती उपाहारगृहांच्या मालकीण म्हणून!

तुम्ही म्हणाल, त्यांचे चित्रपट तरी उरले असतीलच. तर नाही. त्या काळची फीत नायट्रेटची, चटकन पेट घेणारी आणि डब्यात पडल्या पडल्या सडणारी. त्यात युद्धाची धामधूम. बाईंचे बहुतेक चित्रपट नाहीसे झाले. त्यांच्या छायाचित्रांचे संग्रहसुद्धा सापडले ते सान फ्रान्सिस्कोजवळ कचऱ्याच्या पेटीत! कोणाच्या तरी नजरेस पडले म्हणून वाचले. त्यांच्या आधारे हाँगकाँगच्या एस. लुइसा वेई यांनी माहितीपट केला, तो २०१३ मध्ये लोकांपुढे आला आणि एस्थरबाई पुन्हा माहीत झाल्या.

श्रोतेहो, यात आपल्यालाही घेण्यासारखे आहे. काम कितीही मोठे असो, त्याचा कागद कोणी जपला नाही तर दोन पिढ्यांत ते पुसले जाते. आणि बायकांनी केलेले काम तर आधी पुसले जाते. शिक्षकमित्रांनो, तुमच्या गावातही नाटकमंडळी असेल, भजनीमंडळ असेल, ते उभे करणाऱ्या एखाद्या आजी असतील. मुलांना त्यांच्याकडे पाठवा, विचारायला लावा, वहीत लिहून ठेवायला सांगा. जुनी जाहिरात, फोटो, हिशेबाची वही सापडली तर शाळेच्या कपाटात ठेवा. एस्थरबाईंचे फोटो दैवयोगाने वाचले. सगळ्यांचेच दैव तेवढे बलवत्तर नसते.