पंधरा चषकांचा हिशेब

युरोपातील क्लबांच्या फुटबॉल-स्पर्धेचा चषक स्पेनच्या रिआल माद्रिदने २०२४ पर्यंत १५ वेळा जिंकला. त्याच्या खालोखाल इटलीचे मिलान, ७ वेळा. इतके अंतर पाहिल्यावर बोलण्याजोगे काही उरत नाही, असेच कोणालाही वाटेल. पण शिक्षकाची खोड मोठी वाईट. निकालपत्रकात पहिला नंबर कोणाचा हे तो पाहतोच. पण ज्याचे नाव वर्षाच्या मध्येच हजेरीपटावरून कमी झाले तो मुलगा परीक्षेला बसता तर काय झाले असते, हेही त्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

ही स्पर्धा जन्मली ती एका वादातून. डिसेंबर १९५४ मध्ये इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन संघाने बुडापेस्टच्या हॉन्व्हेदला आपल्या चिखलमय मैदानावर ३-२ असे हरवले, आणि इंग्रजी वृत्तपत्राने त्यांना लागलीच जगज्जेते करून टाकले! पॅरिसच्या ‘लेकिप’ या क्रीडापत्राचे गाब्रिएल आनो यांना हे काही पटेना. आधी परमुलखात जाऊन खेळा, मग बोला, असा त्यांचा रोकडा सवाल. पुढल्याच वर्षी १६ क्लबांची स्पर्धा सुरू झाली. इंग्लंडचा विजेता चेल्सी मात्र तेथल्या लीगच्या दडपणामुळे घरीच बसला. १९५६ च्या जूनमध्ये पॅरिसला रिआलने ०-२ अशा पिछाडीवरून रेंसला ४-३ ने नमविले.

आणि ज्याच्या पराभवातून हे सारे निघाले, त्या हॉन्व्हेदचे काय? पुष्काश, कोचिश, चिबोर असे मोहरे त्या संघात होते. १९५६ च्या शरदात हंगेरीतला उठाव सोव्हिएट रणगाड्यांनी चिरडला. नोव्हेंबरात बिल्बाओला हॉन्व्हेद ३-२ ने हरला. परतीचा सामना बुडापेस्टमध्ये होणे शक्यच नव्हते, तो ब्रसेल्सला झाला, ३-३ असा बरोबरीत सुटला आणि संघ स्पर्धेबाहेर गेला. हे तिघे खेळाडू तेव्हा मायदेशी परतले नाहीत. संघ मोडला.

दुसरे नाव मँचेस्टर युनायटेडचे. १९५७ च्या उपान्त्य फेरीत रिआलने त्यांना हरविले खरे, पण ती पोरे वयाने कोवळी होती, चढत्या कमानीची होती. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडहून परतताना म्युनिकच्या बर्फाळ धावपट्टीवर त्यांचे विमान कोसळले. २३ माणसे गेली, त्यांत ८ खेळाडू. उरल्यासुरल्या संघाला मिलानने हरविले, आणि अंतिम सामन्यात मिलानला रिआलने.

रिआलचे कर्तृत्व उणे करावे असा माझा हेतू नाही. पहिले पाचही चषक लागोपाठ जिंकणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. १९६० साली ग्लासगोला सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांदेखत त्यांनी फ्रँकफुर्टचा ७-३ असा फडशा पाडला. दि स्तेफानोचे ३ गोल, आणि ४ गोल पुष्काशचे! होय, तोच हॉन्व्हेदचा पुष्काश. बंदी भोगून, अंगाने सुटून, एकतिसाव्या वर्षी तो माद्रिदला आला होता. कोष्टकात ते गोल रिआलच्या रकान्यात पडतात, आणि पडावेत हे रीतसरच आहे.

कोचिश आणि चिबोर बार्सिलोनाला गेले. १९६१ चा अंतिम सामना स्वित्झर्लंडमध्ये बर्नला झाला. दोघांनीही एकेक गोल केला, तरी बेन्फिका ३-२ ने जिंकली. १९५४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना हंगेरी याच मैदानावर हरली होती. तेव्हाही हे दोघे खेळले होते आणि तेव्हाही आकडे ३-२ असेच होते.