दप्तर, दारू आणि डिस्क

माणसाने वस्तू साठवून ठेवायला कधी सुरुवात केली, हे इतिहासाला नक्की सांगता येत नाही. परंतु साठवलेली वस्तू सापडेनाशी झाली ती त्याच दिवशी संध्याकाळी, एवढे मी बँकेतल्या नोकरीच्या आधारावर छातीठोकपणे सांगू शकतो.

हा इतिहास मी एरवी उकरलाही नसता. पण तेरखेड्याच्या आमच्या घरात, जिथे पूर्वी ज्वारीची कणगी असे त्याच कोपऱ्यात, पुतण्याने एक 'होम सर्व्हर' आणून बसवला. होम सर्व्हर म्हणजे पुण्याच्या कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेला एक काळा डबा, त्याच्या पोटात चार-चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क, आणि चोवीस तास घूं घूं असा आवाज. "आत मांजर कोंडलंय का रं?" असे आईने पहिल्याच दिवशी विचारले.

त्यात ठेवायचे काय? तर घरातले फोटो, सातबारे, खरेदीखतांच्या नकला, आणि आजीच्या ओव्या. आजी जात्यावर बसली की गायची. चुलत्यांनी कधीतरी तिला बसवून दोन कॅसेटी भरून घेतल्या होत्या. त्यांतली एक टेपरेकॉर्डरने खाल्ली. दुसरीवरची चाळीस मिनिटे पुतण्याने संगणकात उतरवली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. परंतु त्यांत आमची आजी नाही. आजी आता कुठेच नाही. त्या चाळीस मिनिटांत काय ती आहे.

तर इतिहास. आपल्याकडे जुने कागद रुमालात बांधून ठेवीत. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे, कागदांचे अख्खे गाठोडे मावेल असा चौकोनी फडका. अशा रुमालांचा डोंगर म्हणजे पेशवे दप्तर. राज्य गेले, दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले, आणि शंभरावर वर्षांनी, १९३० ते १९३४ या काळात, गो. स. सरदेसायांनी त्यांतल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. पंचेचाळीस खंड, तेही निवडक! ज्यांना दप्तरात बसायला जागा मिळाली नाही असे कागद वाड्यांच्या माळ्यांवर उंदरांच्या हवाली होते. इतिहासाचार्य राजवाडे त्यांच्यामागे गावोगाव फिरले. त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड उभे केले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. राजवाड्यांचा राग प्रसिद्ध आहे. वाणसामानाच्या पुड्यांत इतिहास बांधून जाताना पाहिला, तर कुणालाही राग येईल.

पण मला सगळ्यांत चटका लावते ती रायगडची गोष्ट. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला आणि तिथल्या दप्तराची वाताहत झाली. पुढे दूर जिंजीला राजाराम महाराजांनी कृष्णाजी अनंत सभासदाला थोरल्या महाराजांचे चरित्र लिहायला सांगितले, आणि म्हाताऱ्या सभासदाने १६९७च्या सुमारास, बहुतांशी आठवणीवर, बखर लिहून दिली. पुतण्याच्या भाषेत याला 'रिस्टोअर' म्हणतात. मूळ गेले की डोक्यातून परत काढायचे. पण डोक्यातून काढलेल्या मालात सन-तिथ्या थोड्या मागेपुढे होतात, आणि त्यावर पुढच्या तीनशे वर्षांच्या विद्वानांची सोय होते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या तरी अभंग उरले. वह्या नदीतून कोरड्या वर आल्या असे भाविक सांगतात. संताजी जगनाड्यांनी अभंग लिहून ठेवले होते असेही परंपरा सांगते. आणि शिवाय ते हजारो लोकांना पाठ होते. बुडवणारे तरी किती ठिकाणी बुडवणार?

कागदावरून आपण तबकडीवर आलो ते अलीकडे. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली विकायला काढली. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, यंत्राचे वजन टनाच्या घरात, आणि मावायचे किती? पाच मेगाबाइट. आज पुतण्या दुपारच्या जेवणाच्या ताटाचा फोटो काढतो, तेवढाच ऐवज. बँकांत संगणक यायचा म्हटल्यावर आमच्या आधीच्या पिढीने मोर्चे काढले. १९८३ साली युनियनशी करार झाला, १९८४ला रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि लेजरे हळूहळू यंत्रात शिरली. आमचे जुने हेडकॅशियर मात्र निवृत्त होईपर्यंत यंत्राची बेरीज पेनने तपासून पाहत. "यंत्र चुकत नाही असं यंत्रच सांगतंय ना?" असा त्यांचा बिनतोड सवाल असे.

कॉमर्सच्या माणसाला डिस्कचे गणित परके वाटू नये. १४९४ साली पॅचोली नावाच्या इटालियन पाद्र्याने द्विनोंदी पद्धत छापून काढली, तेव्हापासून आम्ही प्रत्येक व्यवहार दोनदा लिहितो, म्हणजे एकीकडे चूक झाली की दुसरीकडे बोंब होते. अमेरिकेत बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली डिस्कांसाठी जे मांडले, ते याच कुळातले. एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा बऱ्याच स्वस्त डिस्कांची फौज करा आणि तिच्यात बेरजेसारखी एक जादा नोंद ठेवा. चार आकडे आणि त्यांची बेरीज असली, तर एका आकड्यावर चहा सांडला तरी बेरजेतून बाकीचे वजा करून तो परत मिळतो. याचे नाव 'रेड'. त्यातला 'इनएक्स्पेन्सिव्ह' हा शब्द पुढे बदलून 'इंडिपेंडंट' असा झाला. स्वस्त म्हणून सांगितल्यावर भाव कसा लावणार?

पुतण्याकडे दोनच डिस्क, म्हणून त्याने साधा आरसा केला: इकडे लिहिले की तिकडेही लिहिले जाते. शिवाय एक तिसरी डिस्क यूएसबीच्या वायरने बाहेरून जोडली. तिच्यावर दर महिन्याला नक्कल.

पहिल्याच पावसाळ्यात वीज गेली. तेरखेड्यात ही बातमी होत नाही. पण वीज आल्यावर 'ओव्या' नावाचे फोल्डर उघडले तर आत काही नाही. घर सुन्न. वहिनींनी देवाला दिवा लावला. पुतण्या म्हणाला, "काका, घाबरू नका. फोल्डर म्हणजे नुसता कोनाडा. डिस्क म्हणजे त्यात ठेवायचा तांब्या. तांब्या जागेवर आलेला नाही, फुटलेला नाही." झाले होते ते असे. यंत्र डिस्कांना दिसतील त्या क्रमाने नावे देते: एसडीए, एसडीबी, एसडीसी. वीज आल्यावर यूएसबीवाली आधी जागी झाली आणि सगळ्यांची नावे एकेक घर सरकली. हे मला ताबडतोब कळले. रांगेतल्या दुसऱ्या माणसाला पैसे द्या असा हुकूम असेल, तर मध्ये कुणी घुसल्यावर पैसे भलत्याच्याच हातात पडणार. म्हणून खातेनंबर असतो. डिस्कलाही तसा लांबलचक कायमचा नंबर असतो, त्याला यूयूआयडी म्हणतात. पुतण्याने यादीत नावांच्या जागी हे नंबर लिहिले, आणि बाहेरच्या डिस्कपुढे शेरा मारला की ही गैरहजर असली तरी सभा सुरू करावी. नाहीतर तिची वाट पाहत यंत्र दारातच उभे राहते.

वर्षभराने डिस्कांनी कुरकुर सुरू केली. डिस्क आपल्या तब्येतीची वही स्वतःच ठेवते, ही मला फार सभ्य गोष्ट वाटली. एकीच्या वहीत निरोप पोचताना झालेल्या चुकांचा आकडा वाढत होता. तो रोग बहुधा डिस्कचा नसून वायरचा. वायर काढून घट्ट बसवली, आकडा थांबला. दुसरीच्या वहीत मात्र निकामी झालेल्या जागांचा आकडा चढत होता. प्रत्येक डिस्कजवळ थोड्या राखीव जागा असतात, खराब जागेचा मजकूर ती तिथे हलवते. राखीव जागा सारख्या खर्ची पडू लागल्या की समजावे, पाहुणे निघाले. नवी डिस्क आणली, जुनी काढली, आणि आरसा पुन्हा भरायला लावला. त्याला रात्र लागली. त्या रात्री आजीचा चालता आवाज एकाच डिस्कवर होता, आणि ती दुसरी डिस्कही त्याच दुकानातली, त्याच दिवशी घेतलेली. पुतण्या टक्के मोजत बसला होता. मी त्याला दोनदा चहा करून दिला. याहून जास्त तांत्रिक मदत मला शक्य नव्हती.

आरशाचा खरा स्वभाव कळला तो दादांमुळे. दादांना पसारा खपत नाही. एके दुपारी त्यांनी 'जुने' असे नाव असलेले एक फोल्डर पुसून टाकले. आरशाने इमानेइतबारे दुसऱ्या डिस्कवरूनही पुसले. आरशापुढे मिशी काढली तर आरशातली मिशी राहते थोडीच! ओव्या त्यातच होत्या. त्या परत मिळाल्या त्या बाहेरच्या तिसऱ्या डिस्कवरून, गेल्या महिन्याच्या नकलेतून.

हे सगळे शेजारच्या तात्यांनी ऐकले. तेरखेड्याचे नाव महाराष्ट्रात फटाक्यांसाठी घेतात आणि तात्यांची उमेद त्याच धंद्यात गेली. स्फोटक पदार्थांचा कायदा १८८४चा आहे, पण दारू कशी साठवावी हे इथल्या माणसाला कायद्याने शिकवावे लागत नाही. (दारू म्हणजे शोभेची. दुसरी साठवण्याइतकी कुणाकडे उरतच नाही.) ज्यांनी धडा शिकवला ते स्फोट लोकांच्या लक्षात आहेत. तात्या काळ्या डब्याकडे बघत म्हणाले, "तिन्ही एकाच कोपऱ्यात? एकाच पलगवर? आरं, दारू कुणी एका खोलीत ठेवतं का? शेड लहान लहान, आन् लांब लांब. एक गेली तर एकच जावी."

आमच्याच जिल्ह्यातल्या नि लातूरकडच्या किती घरांचे कागद, फोटो, पत्रिका ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे माणसांबरोबर दगडमातीखाली गेल्या. तात्यांच्या बोलण्यावर कुणी हसले नाही.

तिसरी डिस्क आता कळंबला आत्याकडे असते. आत्याने ती लोखंडी कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली, एका चौकोनी फडक्यात गाठ मारून ठेवली आहे. तिची जोडीदारीण इकडे भरत राहते आणि दर तीन महिन्यांनी एसटीने जाणारा कुणीतरी दोघींची अदलाबदल करतो. नुसती नक्कल आहे म्हणून भागत नाही, ती उघडते की नाही हे पाहावे लागते, असे पुतण्या म्हणतो. म्हणून दिवाळीला आत्या येताना आपली डिस्क पिशवीत घालून आणते. पुतण्या ती लावतो, आकडे पडताळतो, "ठीक आहे" म्हणतो. आत्याचा आकड्यांवर विश्वास नाही. ती ओव्या लावायला सांगते आणि पदर सावरून समोर बसते. जात्याची घरघर येते, आजीचा आवाज येतो, आणि सातव्या ओवीच्या शेवटी मागे कुठेतरी आमचा तेव्हाचा कुत्रा भुंकतो.

"हां," आत्या म्हणते, "मोत्या भुंकला. आता काढ."