बाभूळबनातून आलेल्या बंड्या

धामण हे नाव मराठीत झाडालाही आहे आणि सापालाही. झाडाचं लाकूड चिवट, वाकलं तरी न मोडणारं. साप बिनविषारी, शेतातल्या आणि कोठारातल्या उंदरांवर जगणारा. वऱ्हाडातल्या धामणगाव रेल्वे या गावाच्या नावातला पहिला शब्द असा दोन्हीकडून शेतकऱ्याच्या कामाचा.

पुढचं ‘रेल्वे’ मात्र नंतरचं. 1867 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेची गाडी नागपूरला पोचली. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच सरलं होतं, त्या युद्धाच्या काळात वऱ्हाडच्या कापसाला परदेशी गिऱ्हाईक मिळालं होतं. यवतमाळकडच्या कापसाला धामणगाव हे सोयीचं स्टेशन. मूर्तिजापूरहून नॅरोगेज यवतमाळला गेली ती विसाव्या शतकात. तोवर यवतमाळ ते धामणगाव ही सुमारे 45 किलोमीटरची वाट बैलबंडीनेच काटायची होती.

ही बंडी म्हणजे चाकांवर चालणारी बाभूळच. चाकाचा तुंबा बाभळीचा, आरे बाभळीचे, पुट्ठे बाभळीचे. धाव तेवढी लोखंडाची. लोहार ती लाल तापवून चाकावर चढवी आणि वर पाणी ओतताच ती आवळून लाकडाला घट्ट धरी. विहिरीवरची मोट चामड्याची, आणि चामडं कमावायला लागे बाभळीची साल. शेंगा शेळ्यामेंढ्यांना, डिंक बाळंतिणीच्या लाडवांना, काटे कुंपणाला. वाळल्या फांद्या चुलीत जात. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत धरतात, म्हणून बांधावरची बाभूळ पिकालाही काही देऊन जाते.

इंग्रजी अमलात वनखात्याने वऱ्हाडच्या सपाटीवरची बाभूळबनं राखीव ठेवली ती याच हिशेबाने. सागाचं जंगल मेळघाटात, डोंगरावर. सपाटीवरच्या गावांना आणि वाढत्या बाजारपेठांना लाकूडफाटा, चारा पुरवायचा तो बाभळीनेच.

बनात नुसती बाभूळ नसे. विहिरीवर झुकलेल्या काटेरी फांदीला सुगरणीची घरटी लोंबत. काटे आणि खालचं पाणी, दोन्ही तिच्या पिलांची राखण करत. सुगरण स्वतः दाणे टिपते, पण पिलांना भरवते किडे, आणि त्यातले कित्येक पिकावरचे असतात. बाभूळ तोडली की ती घरटी जातात, आणि किडे वेचणारी चोचही. अशा देवाणघेवाणीला ‘परिसंस्थेच्या सेवा’ हे नाव 2005 च्या जागतिक सहस्रक परिसंस्था अहवालाने रूढ केलं. गावाला हिशेब आधीपासून ठाऊक होता.

ट्रॅक्टर आला, मोट गेली, बाभळीचं मोल उतरलं. शहरांत आणि तालुक्याच्या गावांत लावला गेला तो मादागास्करचा गुलमोहर आणि मेक्सिकोतली सुबाभूळ. गुलमोहर वैशाखात डोळे निववतो, याबद्दल तक्रार नाही. पण वऱ्हाडात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा रस्त्याला हवी ती कडुनिंबाची दाट सावली. पाखरांना हवीत वड-उंबराची फळं, आणि सुगरणीला काटे. एकच झाड ही सारी कामं करत नाही. नुसता झाडांचा आकडा वाढवून ती होत नाहीत.

राज्याचा नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा 1975 चा. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला. धामणगावासारख्या नगरपरिषदेच्या गावात जुन्या कडुनिंबाला, पिंपळाला तो मिळावाच. विहिरीकाठच्या बाभळीलाही मिळावा. सुगरणीला अजून तीच फांदी लागते, पाण्यावर झुकलेली.