आतून भरलेली होडी

तर झालं असं की यंदा गणपतीत आजोळी गेलो होतो. आजोळ मालवणजवळ, आणि मामाचा धंदा होड्यांना फायबर मारायचा. मूळचा तो सुतार. किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या यायला लागल्या तसा मामाही रंधा-पटाशी बाजूला ठेवून रेझिन, हार्डनर आणि काचेच्या मॅटकडे वळला. आरती-जेवणं उरकल्यावर मी त्याला मोबाईलवर एक फोटो दाखवला. कॅलिफोर्नियात ऑनसाईट असतानाचा. एका सहकाऱ्याचं गराज, माझ्या अंगभर पांढरी भुकटी, आणि समोर स्टँडवर आडवा ठेवलेला नऊ फुटी सर्फबोर्ड. मी बनवलेला! (बरं, निम्मा मी बनवलेला.)

मामानं फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "अरे म्हणजे होडीच ही. फक्त आत बसूची सोय नाय."

मी वर्षभर त्या बोर्डाबद्दल जे काही वाचत होतो ते मामानं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. सर्फबोर्ड म्हटलं की आपल्याला सिनेमातला समुद्र आणि सोनेरी केसांची पोरं आठवतात. खरा इतिहास बराचसा होड्यांचा, थोडा विमानांचा आणि शेवटी रसायनांचा आहे.

सुरुवात अर्थातच हवाईत. तिथे बोर्ड एकाच लाकडाचे असायचे: कोआ, ब्रेडफ्रूट (म्हणजे आपल्या नीरफणसाचं झाड), किंवा हलकं विलिविली. झाड तोडायच्या आधी मुळाशी कुमू नावाचा लाल मासा ठेवायची प्रथा होती. मग दगडी तासणीनं आकार, खरबरीत प्रवाळानं घासणं आणि शेवटी तेल. सामान्यांसाठी पातळ, आखूड 'अलाया', सरदार-राजांसाठी लांबलचक, जड 'ओलो'. १८२० पासून मिशनरी आले, त्यांना हा उघड्या अंगाचा खेळ फारसा रुचला नाही. पण त्याहून मोठा घाव बाहेरून आलेल्या रोगराईचा होता. लाटांवर जाणारी माणसंच राहिली नाहीत म्हटल्यावर खेळ कुठून राहणार?

१८८५ साली हवाईच्या राजघराण्यातले तीन राजपुत्र कॅलिफोर्नियात शिकत होते. त्यांनी सांताक्रूझला तिथल्याच रेडवूडच्या फळ्या कापून बोर्ड बनवून घेतले आणि नदीच्या मुखाशी लाटांवर उतरले. मला हे फार आवडतं. घरापासून हजारो मैलांवर, होस्टेलवरची तीन पोरं, आणि पहिली गोष्ट काय केली तर घरचा खेळ स्थानिक मालातून उभा केला. आपण नाही का न्यू जर्सीत पिठाच्या गिरणीपासून सगळं शोधतो? तसंच.

पण लाकूड म्हणजे वजन. ड्यूक कहानामोकू, म्हणजे ऑलिंपिकमध्ये पोहण्याची सुवर्णपदकं मिळवणारा आणि सर्फिंग जगभर नेणारा माणूस, त्याचा कोआचा बोर्ड १६ फुटी आणि ११४ पौंडांचा होता. बावन्न किलो! पाण्यात न्यायलाच पैलवान लागावा. टॉम ब्लेकनं १९२६ साली होनोलुलूच्या बिशप म्युझियममधल्या जुन्या बोर्डांसारखा एक बनवला, वजन कमी करायला त्याला शेकडो भोकं पाडली, आणि वरून पातळ लाकूड चिकटवून ती बुजवली. पुढे तो सरळ आतून पोकळ, फासळ्यांच्या सांगाड्याचा बोर्ड बनवायला लागला आणि १९३२ साली त्याचं पेटंटही मिळवलं. १९३५ मध्ये एका मोडक्या स्पीडबोटीचा कणा काढून त्यानं बोर्डाच्या बुडाला लावला. सर्फबोर्डाला फिन आला तो असा. होडीच!

आता माझा लाडका माणूस: बॉब सिमन्स. कॅलटेकमध्ये शिकलेला, गणितात हुशार, स्वभावानं तिरसट. सायकलच्या अपघातात त्याच्या डाव्या हाताचं कोपर कायमचं आखडलं होतं. असा माणूस जड फळी उचलून पाण्यात नेणार कशी? त्याला हलका बोर्ड हवा होता तो कौतुकासाठी नाही, गरज म्हणून. युद्धात अमेरिकेत फायबरग्लास आणि पॉलिएस्टर रेझिन यांचं काम जोरात चाललं होतं. विमानांवर रडारच्या अँटेनावर ज्या टोप्या बसवतात त्या याच मालाच्या, कारण रडारच्या लहरी त्यातून आरपार जातात. युद्ध संपलं आणि हा माल लॉस एंजेलिसच्या आसपास सामान्य माणसाला मिळायला लागला. १९४६ साली पीट पीटरसननं फायबरग्लासचा पहिला बोर्ड बनवला. सिमन्सनं त्याच सुमारास पाण्यावरून सरकणाऱ्या वेगवान बोटींच्या तळांवरचं लिंडसे लॉर्डचं पुस्तक वाचलं आणि तेच गणित बोर्डाला लावलं: रुंद, पातळ कडांचे, पुढून उचललेले बोर्ड. मग त्यानं स्टायरोफोमचा गाभा, वरखाली प्लायवूड, कडेला बाल्सा आणि त्यावर फायबरग्लास असं सँडविच बनवलं. प्लायवूड मध्ये का? कारण पॉलिएस्टर रेझिन स्टायरोफोमवर थेट लावलं तर ते फोमच खाऊन टाकतं.

इथे थोडं इंजिनियरिंग. (कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा.) बोर्ड वाकतो तेव्हा एका बाजूचं कातडं ताणलं जातं, दुसऱ्या बाजूचं दाबलं जातं. मधल्या मालावर त्या मानानं ताण कमीच. म्हणून मजबूत काच बाहेर, आत हलकंफुलकं काहीतरी, ज्याचं मुख्य काम दोन्ही कातडी एकमेकांपासून दूर धरणं. बांधकामावरचा आय-बीम असाच असतो. बोर्डाच्या मधोमध उभी जी लाकडी पट्टी असते, 'स्ट्रिंगर', तीही त्यातलीच. होडी, विमान, बोर्ड, सगळीकडे एकच युक्ती.

१९५४ मध्ये सॅन दिएगोजवळ विंडनसीच्या लाटांत सिमन्स बुडून गेला. पस्तीस वर्षांचा होता. त्याचा फोम मागे पडला आणि लोक इक्वेडोरहून येणाऱ्या बाल्सा लाकडावर फायबरग्लास चढवत राहिले. यातला एक किस्सा सांगायलाच हवा. १९४७ साली जो क्विगनं डॅरिलिन झानुक या मुलीसाठी, सिनेनिर्माते झानुक यांच्या कन्येसाठी, मुद्दाम छोटा आणि हलका बोर्ड बनवला. तो इतका झकास वळायचा की मालिबूची पोरंच तो मागून न्यायला लागली. 'मुलींचा बोर्ड' म्हणून बनवलेली वस्तू पुढच्या सगळ्या बोर्डांचा नमुना ठरली. :)

मग 'गिजेट' आलं, १९५७ मध्ये कादंबरी आणि १९५९ मध्ये सिनेमा, आणि गावोगावच्या पोरांना बोर्ड हवा झाला. त्याच्या थोडं आधी, १९५८ साली होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क हे दोघं लगुना कॅन्यनमध्ये गुपचूप पॉलियुरेथेन फोमशी झटत होते. (डेव्ह स्वीट त्यांच्याही आधी त्याच खटपटीत होता, हे सांगितलं पाहिजे.) पॉलियुरेथेनचा फायदा असा की पॉलिएस्टर रेझिन त्याला खात नाही. तोटा असा की दोन द्रव एकत्र ओतले की मिश्रण फुगतं, तापतं आणि साचा फोडायला बघतं. आत हवेचे फुगे राहिले की माल वाया. म्हणून त्यांनी आधी अर्धे अर्धे भाग ओतून मध्ये लाकूड चिकटवलं. जमलं! मी दर शनिवारी आयर्विनहून बीचवर जाताना त्याच कॅन्यनच्या रस्त्यानं जायचो आणि मला वर्षभर याचा पत्ता नव्हता.

१९६१ पासून क्लार्क वेगळा झाला आणि नुसते फोमचे कच्चे ठोकळे, म्हणजे 'ब्लँक', विकू लागला. माल इतका चांगला आणि एकसारखा की बाकीच्यांनी हळूहळू स्वतः फोम बनवणं सोडूनच दिलं. अमेरिकेतल्या ब्लँकपैकी सुमारे ९० टक्के त्याचे, असं सांगितलं जायचं. मग ५ डिसेंबर २००५, सोमवार. क्लार्कनं गिऱ्हाइकांना सात पानी फॅक्स पाठवला: आजपासून कारखाना बंद. कारणं? पर्यावरण आणि अग्निशमन खात्यांचे नियम, कामगारांचे दावे, आणि टीडीआय नावाचं रसायन. नुसता बंद नाही केला, काँक्रीटचे साचेही फोडून टाकले. त्या दिवसाला लोक 'ब्लँक मंडे' म्हणतात. रातोरात किमती चढल्या, ब्लँक लपवून ठेवले गेले, कित्येक कारागिरांचे हात रिकामे झाले. आपल्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. २०१६ साली लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा कोड कोणीतरी काढून घेतला आणि हजारो प्रोजेक्टांचे बिल्ड पडले, आठवतं? अगदी तेच.

माझं मत विचाराल तर क्लार्कवर रागावण्यात अर्थ नाही. ४० वर्षं सगळे एकाच दारातून पाणी भरत होते, दुसरी विहीर कोणी खणली नाही. नंतर खणल्या. नवे कारखाने आले, एपॉक्सी आणि पॉलिस्टायरीनचे बोर्ड वाढले, पोकळ लाकडी बोर्डही परत दिसायला लागले.

पण टीडीआयपाशी मी अडखळलो. टोल्युईन डाय-आयसोसायनेट. 'आयसोसायनेट' हा शब्द आपल्याला कुठून माहीत आहे? १९८४, भोपाळ. ते मिथाइल आयसोसायनेट, कितीतरी जास्त झपाट्यानं हवेत पसरणारं, त्यामुळे दोघांची बरोबरी करू नये. तरी घराणं एकच, आणि टीडीआयच्या वाफेनं कामगारांना दमा जडतो हे पक्कं ठाऊक आहे. म्हणजे ती मोकळी हवा, ते निळं पाणी, आणि त्यामागे कुणाची तरी फुप्फुसं.

गराजमध्ये आम्ही तयार ब्लँक आणला होता, त्यामुळे टीडीआयशी संबंध आला नाही. दोन वीकांत रंधा आणि पॉलिश पेपर. मग पांढरं काचेचं कापड पसरून त्यावर रेझिन ओतलं, आणि कापड चक्क दिसेनासं झालं! काच आणि रेझिन प्रकाशाला जवळजवळ सारखंच वाकवतात, म्हणून. दुसऱ्या बाजूला मी घाईनं हार्डनर जास्त घातला. मिनिटाभरात बादली तापली, धूर निघाला, सहकाऱ्यानं ती उचलून बाहेर वाळूत ठेवली. त्यानं आधीच माझ्या तोंडाला काडतूसवाला मास्क बांधायला लावला होता. मला तेव्हा ती अमेरिकन अतिकाळजी वाटली होती. मास्क काढला तेव्हा त्या वासानं डोकं भणभणलं, आणि एकदम लहानपणचा मामा आठवला. मामाच्या शर्टाला हाच वास यायचा. आम्हा पोरांना तो आवडायचा.

मामा वीस वर्षं त्या वासात आहे. काच घासताना तोंडाला फार तर पंचा. रात्री खोकतो, पण "हवा बदलली" म्हणतो. मी फोटोवरून विषय काढला, पुण्याला आल्यावर मास्क आणि काडतुसं कुरिअर केली, आणि फोनवर विचारलं. "नाकाक ह्या बांधून काम कसा करूचा? आणि विडी खंय ओढू?" रेझिनच्या पिंपाशेजारी विडी! मी कपाळाला हात लावला. "मामा, ते पेटतं रे," म्हटलं, तर हसला.

गेल्या रविवारी मामीचा फोन आला. "पहिले दोन दिवस घातल्यान. मगे खुंटीक."

दिवाळीत परत जातोय. छातीचा एक्स-रे काढायला कणकवलीला नेतो म्हटलंय. मामा अट घालून बसलाय, की आधी मी त्याला बोर्ड बनवायला शिकवायचं. फोम कुठून आणायचा ते बघतोय.