शिपायाच्या खिशातली सुरी

फौजेत भरती झालेल्या पोराला घरून एखादे पाते द्यायचे ठरले, की मराठी मन चटकन कट्यारीकडे वळते. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराजांनी अफजलखानाला मारले, त्यामुळे आखूड पाते म्हणजे पराक्रम हे नाते आपल्या मनात पक्के बसले आहे. लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्यात आली तेव्हा ते पुन्हा दिसले. पण अंबरनाथजवळच्या चिखलोलीच्या आसपासचा इतिहास नीट वाचला तर निष्कर्ष वेगळा निघतो. शिपायाला शस्त्र घराने द्यायचे, ही रीत एका जुन्या लष्करी व्यवस्थेची होती आणि ती व्यवस्था केव्हाच मोडली. घराकडून तरुणाच्या कमरेला पिढ्यान्‌पिढ्या जे गेले ते कामाचे पाते. नव्या जवानासाठी सुरी निवडताना म्हणूनच तिच्यात हत्यार शोधू नये, अवजार शोधावे.

शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. घोडा पडला की तोटा घराचा, तलवार गेली की तोही घराचाच. शस्त्र देणे ही भावनेची गोष्ट होती यात शंका नाही, पण त्याआधी ती भांडवलाची गुंतवणूक होती. शिवाजी महाराजांनी जोर दिला तो बारगिरांच्या पागेवर. तिच्यात घोडा सरकारचा असे. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, एक पखालजी आणि एक नालबंद अशी रचना सांगितली आहे. ज्या काळाकडे आपण परंपरा म्हणून बोट दाखवतो, त्याच काळात शिपायाला सज्ज करण्याची जबाबदारी घराकडून राज्याकडे सरकत होती. आणि मराठ्यांची नावाजलेली फिरंग तलवार तरी काय होती? पाते युरोपातून आलेले, मूठ इथली.

कंपनी सरकारच्या पलटणींनी उरलासुरला धागाही तोडला. १७६८ मध्ये मुंबई शिपायांची जी पलटण उभी राहिली आणि जिच्यापासून मराठा लाइट इन्फंट्री आपला इतिहास मोजते, तिची बंदूक-संगीन सरकारी कोठारातली होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने लोकांची हत्यारे परवान्याखाली आणली. दुसऱ्या महायुद्धात चिखलोलीच्या जवळच कल्याण कॅम्प हा फौजेचा तळ वसला. त्या युद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांत एक घडीचा चाकू वाटला जाई. त्याला एक रुंद पाते, डबा फोडायचा दाता आणि आवळलेली गाठ सोडवायचा टोचा असे. लढायला रायफल होती, तिच्या टोकाला संगीन होती. चाकू होता तो दोरी, डबा आणि दाव्यांसाठी. हत्यार वेगळे आणि अवजार वेगळे, ही विभागणी खुद्द फौजेनेच केली होती. पुढे अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आली. लढाईचे साहित्य मापात घडते, तपासले जाते आणि मगच बाहेर पडते, हे तिथे नोकरी केलेल्या घरांना कुणी सांगायला नको.

घराकडे उरला तो कोयता. उल्हास खोऱ्यातल्या आगरी, ठाकूर आणि कातकरी माणसाचे त्याच्यावाचून पान हलत नाही. तो राहतो आकडीत, म्हणजे कमरेला मागच्या बाजूने बांधलेल्या लाकडी ठोकळ्यात. ठोकळ्याच्या खाचेत पाते अडकते, मूठ हाताला सहज लागते आणि चढण चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. लोहार पुष्कळदा ट्रकच्या जुन्या पाट्याचे पोलाद घेतो. पाते लाल करतो, ठोकून आकार देतो आणि धारेपुरतेच पाण्यात धरतो, म्हणजे धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. शिपायाच्या सुरीतही हाच गुण पाहावा. इथे गुरख्यांच्या खुकरीचे उदाहरण पुढे केले जाईल. पण नेपाळच्या खेड्यात खुकरी आधी लाकूड फोडते, मांस कापते, झुडपे साफ करते. तिची लष्करी कीर्ती या रोजच्या सरावावर उभी आहे. माझ्या मते ती कट्यारीची बाजू घेत नाही, कोयत्याची घेते.

यापेक्षा वजनदार आक्षेप चिन्हाचा आहे. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आधी कोरेगावचा स्तंभ होता, पुढे त्या जागी खंजीर आला. मग घराने खंजीर दिला तर काय बिघडले? बिघडते ते एवढेच, की तो मान पलटण देते. कसून तयार झालेल्या जवानाला बिल्ला मिळतो त्यामागे त्याचा घाम असतो. बाजारातली नक्षीदार कट्यार त्याची बरोबरी करू शकत नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत खंजीर हत्यार म्हणून मोजला जातो, आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरीही, ती घरकाम किंवा शेतीची नसेल तर. धारदार वस्तू हातोहात देऊ नये, नाते तुटते, असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतील. त्यावरचा उपाय त्यांनाच ठाऊक असतो. सुरी खाली ठेवावी, पोराने ती उचलून घ्यावी.

मग घ्यावी तरी कोणती? मुठीत मावणारी, घडीची, उघडल्यावर खटक्याने घट्ट बसणारी, बोटभर पात्याची. घाम आणि पावसात साधे पोलाद लवकर गंजते, म्हणून स्टेनलेस बरे. मूठ नक्षीची नको, खरबरीत हवी, ओल्या हातातून निसटू नये. प्रशिक्षण केंद्रात जवळ काय ठेवता येते हे पोराने आधी विचारून घ्यावे. परवानगी नसेल तर सुरी घरी राहू द्यावी आणि पोस्टिंगच्या ठिकाणी चालत असेल तेव्हा पहिल्या सुट्टीनंतर त्याने ती सोबत न्यावी.