नायक ते मोहर : 'माक्स हावेलार' या नावाचा इतिहास

कादंबरीच्या नायकाचे नाव पुढे बाजारातील प्रमाणचिन्ह व्हावे, ही वाङ्मयेतिहासात क्वचितच आढळणारी घटना होय. नोव्हेंबर १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये कॉफीच्या पुड्यांवर 'माक्स हावेलार' ही मोहर प्रथम उमटली. ही कॉफी पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्यांना रास्त किंमत मिळाली आहे, अशी ग्वाही ती ग्राहकाला देत होती. हे नाव १८६० साली प्रसिद्ध झालेल्या डच कादंबरीतून उचललेले होते. या प्रवासात नावाचे काय टिकले आणि काय निसटले, हा प्रश्न केवळ व्यापाराच्या इतिहासाचा नाही. दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा, या साहित्यविचारातील जुन्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे.

योहानेस फान देन बॉस याने १८३० मध्ये जावात सक्तीची लागवडपद्धती सुरू केली. तिच्या नियमानुसार गावाच्या जमिनीचा एक पंचमांश भाग निर्यातीच्या पिकांना द्यावा लागे. कॉफीच्या बाबतीत शेतकरी कुटुंबांनी नेमून दिलेली झाडे लावायची आणि सरकारने ठरविलेल्या दराने पीक सरकारलाच द्यायचे, अशी रीत होती. नेदरलँड्स व्यापार कंपनी हा माल मायदेशी नेऊन लिलावात विकीत असे. एडुआर्ड डाउवेस डेकर हा याच राज्ययंत्रणेतील अधिकारी. १८५६ मध्ये जावाच्या पश्चिम भागातील लेबाक येथे त्याची नेमणूक झाली. तेथील देशी सरदार रयतेला लुबाडतो, असा आरोप त्याने केला; वरिष्ठांनी तो उचलून धरला नाही, तेव्हा काही महिन्यांतच त्याने राजीनामा दिला. पुढे ब्रुसेल्समध्ये हलाखीत दिवस काढताना त्याने 'मुल्तातुली' या नावाने 'माक्स हावेलार' लिहिली.

कादंबरीचे उपशीर्षक व्यापार कंपनीच्या कॉफी-लिलावांचा निर्देश करते. परंतु नायकाचा झगडा कॉफीच्या भावाशी नाही. रयतेच्या म्हशी हिरावल्या जातात, तिला वेठीला धरले जाते आणि डच अधिकारी हे पाहून गप्प राहतात, यांविरुद्ध तो उभा आहे. कॉफी येते ती निवेदकाबरोबर. कादंबरीचे तोंड उघडतो तो बटावुस ड्रोखस्टॉपेल हा अ‍ॅम्स्टरडॅमचा कॉफीदलाल. त्याला कॉफीच्या व्यापारावर उपयुक्त पुस्तक हवे आहे. एका दरिद्री परिचिताचे कागदांचे बाड त्याच्या हाती पडते आणि श्टेर्न नावाचा जर्मन तरुण त्यातून हावेलारची कथा घडवितो. साइजा आणि आदिंदा या जावातील प्रेमिकांची शोकांतिका वाचकापर्यंत पोहोचते ती अशा युरोपीय लेखण्यांतून गाळून. अखेरीस मुल्तातुली स्वतः पुढे येतो, श्टेर्न आणि दलाल या दोघांनाही बाजूला सारतो आणि थेट राजाला जाब विचारतो. ज्या दलालाच्या घरात ही कथा लिहिली जात होती, त्याचीच अशी हकालपट्टी होते. कादंबरीचे नैतिक बळ या क्षणात साठलेले आहे.

१९८८ च्या मोहरेमागे मेक्सिकोतील वाहाका प्रांतामधील 'युसिरी' ही आदिवासी कॉफी-उत्पादकांची संघटना होती. तिच्याबरोबर काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स फान देर होफ आणि 'सॉलिदारिदाद' या संस्थेचे निको रोझेन यांनी ही योजना आखली. देणगी नको, मालाची योग्य किंमत हवी, ही उत्पादकांची भूमिका तिच्या मुळाशी होती. पुढच्याच वर्षी, जुलै १९८९ मध्ये, आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची निर्यातकोट्यांची व्यवस्था कोसळली आणि जागतिक भाव घसरले. अशा काळात किमान किमतीची हमी ही शेतकऱ्याच्या घरची चूल पेटण्याची गोष्ट होती. कादंबरीला जे साधणे शक्य नव्हते ते मोहरेने काही अंशी साधले, हे नाकारता येणार नाही.

तरीही मोहर हीसुद्धा एक संहिताच आहे, आणि तिचा वाचक दूरदेशीचा ग्राहक आहे. कादंबरीने ज्या वाचकाला अस्वस्थ केले, त्याच्याच वारसाला मोहर निश्चिंत करते. १९९७ मध्ये निरनिराळ्या देशांतील अशा चिन्हांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. २००४ पासून तपासणीचे शुल्क उत्पादक-संघटनांना भरावे लागू लागले. प्रमाणित झालेली सारी कॉफी हमीच्या अटींवर विकली जातेच असे नाही. उरलेली सामान्य भावाने जाते, तपासणीचा भार मात्र कायम राहतो. धुतलेल्या अरेबिका कॉफीची किमान किंमत २०११ पासून प्रति पौंड १.४० डॉलर होती, ती १.८० डॉलर होण्यास २०२३ उजाडले. दरम्यान पर्यावरणावर भर देणारी इतर मानके बाजारात आली. त्यांपैकी 'उट्झ' २०१८ मध्ये 'रेनफॉरेस्ट अलायन्स'मध्ये विलीन झाले. तेथे निश्चित किमान किमतीची हमी नाही. सावलीची झाडे, पाणी, कीटकनाशके यांच्या नोंदी ठेवण्याचे काम शेतकऱ्याकडे आले; कोणत्या नोंदी ठेवायच्या हे मुख्यतः इतरत्र ठरत राहिले. ड्रोखस्टॉपेलला हवे असलेले कॉफीवरचे उपयुक्त पुस्तक अखेर लिहिले गेले, ते तपासणीच्या तक्त्यांच्या रूपाने.

मात्र हा इतिहास येथे संपत नाही. २००६ मध्ये लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधील लघुउत्पादकांच्या संघटनांनी स्वतःचे वेगळे चिन्ह जाहीर केले. पुढे २०११ च्या सुमारास अमेरिकेतील संस्था आंतरराष्ट्रीय संघटनेपासून अलग झाली आणि तिने मोठ्या मळ्यांच्या कॉफीलाही प्रमाणपत्रे देण्याचे धोरण स्वीकारले. ज्यांच्यासाठी मोहर निघाली त्यांचीच जागा आता मळेवाले घेतील, या शंकेला त्यामुळे बळ मिळाले. उत्पादकांच्या चिन्हाचा बाजारातील वाटा लहान आहे. पण त्याचे महत्त्व विक्रीच्या आकड्यांत शोधणे म्हणजे पुन्हा दलालाच्या वहीतून पाहणे होय. मुल्तातुलीने दलालाच्या हातची कथा काढून घेतली. ती जावाच्या शेतकऱ्याच्या हाती देणे मात्र त्यालाही साधले नव्हते. लघुउत्पादकांच्या चिन्हाने तेवढ्यासाठी हात पुढे केला आहे.