‘हे वाचलंत का?’ : महाविद्यालयीन शिफारशींचा न नोंदलेला इतिहास

सांगलीत जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका गाड्यावर काही वर्षांपूर्वी मला ‘पारवा’ची एक प्रत मिळाली. मुखपृष्ठ गेलेलं, पाठीला खाकी कागद डकवलेला, आतल्या पानावर एका महाविद्यालयाचा गोल शिक्का आणि त्यावर ‘निर्लेखित’ असा दुसरा, आडवा. जी. ए. कुलकर्णींचा हा १९६० सालचा कथासंग्रह माझ्याकडे आधीपासून होता. ही प्रत मी घेतली ती शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीसाठी.

चिठ्ठीवर चौदा तारखा होत्या. पहिल्या काही वर्षांत तीन. मग एका जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान एकामागून एक सात. त्यानंतर कित्येक वर्षं शुकशुकाट, आणि शेवटी तुरळक चार. एका सहामाहीत सात जणांनी हेच पुस्तक का नेलं असेल? नेमलेलं होतं म्हणावं, तर त्या वर्षीच्या अभ्यासक्रमात ते नव्हतं, एवढं मी पडताळलं. तेव्हा गावात व्याख्यान वगैरे झाल्याचंही कोणाला आठवेना. म्हणजे कोणीतरी वर्गात, व्हरांड्यात किंवा चहाच्या टपरीवर म्हणालं असणार, ‘हे वाचलंत का?’

ग्रंथालयांच्या इतिहासात नेमका हाच माणूस सापडत नाही. दाखलनोंदवही सांगते की पुस्तक कधी आलं, किती किमतीला आलं. देवघेवीच्या नोंदी सांगतात की कोणी नेलं, कधी परत केलं. कोणाच्या सांगण्यावरून नेलं, हा रकाना कोणत्याच वहीत नसतो. मी प्राध्यापक नाही. कॉलेजची दोन वर्षं करून नोकरीला लागलेला माणूस आहे. माझं बहुतेक शिक्षण अशा कोणाच्या तरी सांगण्यावरूनच झालं, म्हणून हा रिकामा रकाना मला जास्त सलतो. सातारा-सांगलीपुरता तो थोडा भरता येतो का, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी भूगोल सांगायला हवा. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. सांगली शहर मात्र संस्थानाचं. एकोणिसाव्या शतकात या टापूतल्या मुलाला पदवी घ्यायची तर बहुधा पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर असेच पुण्याला गेले. डेक्कन कॉलेजात मिल आणि स्पेन्सर वाचून त्यांचं मन कसं घडलं, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. वाचलेलं त्यांनी स्वतःजवळ ठेवलं नाही. १८८३ साली त्यांनी शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणलं. भाषांतर ही शिफारशीची सर्वांत कष्टाची जात आहे. ‘हे वाच’ म्हणून थांबायचं नाही, तर समोरच्याला वाचता येईल असं करून द्यायचं.

आगरकर ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक, त्याच सोसायटीने १९१९ साली सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय काढलं. सांगली आणि मिरज यांच्यामध्ये, विश्रामबागेत. नाव मुंबईच्या गव्हर्नराचं, मुलं मात्र कृष्णा-वारणेच्या काठची आणि शेजारच्या कानडी मुलखातली. तिथले प्राचार्य गोविंद चिमणाजी भाटे यांनी पुढे १८०० ते १९३८ या काळातल्या मराठी वाङ्मयाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो १९३९ साली निघाला. हा ग्रंथ आज कोणी फारसा उघडत नाही. मी तो वाङ्मयेतिहास म्हणून कमी आणि एका शिक्षकाची लांबलचक शिफारस म्हणून जास्त वाचतो. हे घ्या, ते सोडा, हे एकदा चाळा, असं म्हणणारा माणूस त्यात जागोजागी दिसतो. त्याची मतं पटोत न पटोत, तो कोणाशी तरी बोलतो आहे हे जाणवतं.

विलिंग्डनची दुसरी गंमत म्हणजे तिथला कानडी शेजार. विनायक कृष्ण गोकाक यांनी तिथे इंग्रजी शिकवलं. त्यांना पुढे कन्नड साहित्यासाठी ज्ञानपीठ मिळालं. रं. श्री. मुगळी यांनी तिथे कन्नड शिकवलं. त्यांच्या कन्नड साहित्याच्या इतिहासाला १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच आवारात मराठी, कानडी आणि इंग्रजी पुस्तकांबद्दल बोलणारी माणसं वावरत होती. भाषावार प्रांतरचनेनंतर आपण हे आवार आठवणीतून जवळजवळ पुसून टाकलं. सीमाभागाच्या इतिहासात मोर्चे येतात, ठराव येतात. दोन भाषांतल्या पुस्तकांवर एकाच स्टाफरूममध्ये झालेल्या गप्पा येत नाहीत.

साताऱ्यातली गोष्ट वेगळी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. तिथल्या मुलाला पुस्तक विकत घेणं बहुधा परवडणारं नव्हतं, म्हणून तिथे ‘हे वाच’ या शब्दांना ‘ही घे’ अशी जोड लागे. आपली प्रत दुसऱ्याला दिल्याशिवाय शिफारस पुरी होत नसे. त्या काळचे विद्यार्थी असलेले एक आजोबा मला म्हणाले, ‘पुस्तक कुणी सांगितलं ते आठवत नाही, कुणी दिलं ते आठवतं.’ माझ्या दृष्टीने सातारा आणि सांगलीच्या वाचनातला फरक एवढ्यात आला. कर्मवीरांचे विद्यार्थी बॅ. पी. जी. पाटील यांनी पुढे जोतीराव फुल्यांचं लेखन इंग्रजीत नेलं. आगरकरांनी बाहेरचं घरात आणलं होतं. पाटलांनी घरातलं बाहेर नेलं.

आता पुन्हा ‘पारवा’कडे. जी. ए. धारवाडला महाविद्यालयात इंग्रजी शिकवत. म. द. हातकणंगलेकर सांगलीला विलिंग्डनमध्ये इंग्रजी शिकवत. दोघांची मैत्री पत्रांतून वाढली, आणि पुढे जी.एं.ची निवडक पत्रं खंडांच्या रूपाने आली, तेव्हा त्यांच्या संपादनात हातकणंगलेकर होते. ती पत्रं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कथांची गुपितं कळतील या आशेने वाचली. दुसऱ्यांदा वाचताना शेजारी वही घेऊन बसलो आणि पुस्तकांची नावं उतरवत गेलो. वही भरली. लोकांत न मिसळणारा म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस पुस्तकांबद्दल बोलताना किती मोकळा होतो, किती आग्रह धरतो, किती फटकारतो! कॉन्रॅड रिक्टर हा अमेरिकन कादंबरीकार त्यांना इतका आवडला, की ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ अशी त्याची पुस्तकं त्यांनी स्वतः मराठीत आणली. इथे पुन्हा तीच कष्टाची जात.

व्हरांड्यातली शिफारस हवेत विरते. ही टिकली, कारण दोन शिक्षकांच्या मध्ये धारवाड ते सांगली एवढं अंतर होतं. जी. ए. विलिंग्डनच्याच स्टाफरूममध्ये बसत असते, तर आपल्या हाती काहीच लागलं नसतं. रिकाम्या रकान्यातली जी थोडी अक्षरं आज वाचता येतात, ती टपालखात्याची कृपा.

माझ्या चिठ्ठीवरच्या सात तारखा हातकणंगलेकर सरांमुळे पडल्या, असं म्हणायचा मोह मला झाला होता, हे कबूल करतो. शिक्का विलिंग्डनचा नाही. मोह आवरला.

महाविद्यालयाच्या आवाराबाहेरचा एक वाचक मात्र इथे आणायलाच हवा. आटपाडीजवळच्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर. शाळा अर्धवट सुटली, कॉलेज पाहिलंच नाही, इंग्रजी पुस्तकं स्वतःच्या धडपडीने वाचायला शिकले; आणि १९५५ साली त्यांची ‘बनगरवाडी’ आली. पुढे त्यांचं लेखन महाविद्यालयांत नेमलं गेलं. ज्याला कोणत्या प्राध्यापकाने ‘हे वाच’ म्हटलं नाही, त्याला वाचा असं प्राध्यापक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. माझ्यासारख्याला या उलट्या प्रवासाचं सुख वाटतं, ते लपवत नाही.

गेल्या काही वर्षांत पुस्तकांकडे माणसं वळवण्याचे मोठे प्रयत्नही झाले. पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झालं; घराघरांत कपाटं लागली. मी दोनदा गेलो. तिथली एक आजी मला म्हणाली, ‘ह्यातलं काय घ्यावं ते तुमीच बगा.’ कपाट देता येतं, बोट दाखवणारा माणूस देता येत नाही. तो घडायला त्या आजीच्या नातवंडांएवढा वेळ द्यावा लागेल, आणि तो द्यायला माझी हरकत नाही.

काळजी दुसरीच आहे. ऑगस्ट २०१९च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि १८६९ सालापासूनच्या सांगली नगर वाचनालयात पाणी शिरलं. हजारो पुस्तकं गेली. त्याची बातमी झाली, हळहळ झाली, मदत आली. पण तशाच चिठ्ठ्या, तशाच वह्या दरवर्षी कोरड्या हवेत जातात, त्याची बातमी होत नाही. एका महाविद्यालयात मी जुन्या देवघेवीच्या नोंदी पाहायला गेलो, तर संगणक आल्यावर त्या किलोच्या भावाने दिल्याचं कळलं. नियमाप्रमाणेच दिल्या होत्या. निर्लेखनाचा ठराव मला दाखवण्यात आला. ठरावावर सह्या होत्या, वजन होतं, मिळालेली रक्कम होती.

परतताना तिथल्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या मामांच्या घरी गेलो. चाळीस वर्षं त्यांनी काउंटरवर पुस्तकं दिली-घेतली. मी खिशातून ‘पारवा’ काढून त्यांच्या हातात दिला आणि सात तारखा दाखवल्या. त्यांनी चष्मा पुसला, चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. शिक्क्याची शाई त्यांच्या ओळखीची निघाली. प्रत त्यांच्याच कॉलेजची.

‘कुणा सरांनी सांगितलं होतं का हो मुलांना?’ मी विचारलं.

‘सरांनी कशाला?’ मामा म्हणाले. ‘मीच देत होतो. पोरं यायची, काय वाचू म्हणायची. मी तवा हेच वाचत हुतो.’